अप्पारावाच्या लघवीची बाटली

श्रीधरराव पिंपळवाडीकर पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची पाणी वाटायची खोड काही निवृत्त झाली नाही. वाटायला कालवा उरला नव्हता, मग त्यांनी पुंडलिकनगरातलं स्वतःचं घरच वाटायला घेतलं.

साल दुष्काळाचं होतं. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं. जायकवाडी तळाला गेलं होतं आणि नळाला पाणी कधी येणार हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. बीड बायपासच्या बाजूला रोज एक नवी इमारत उभी राहायची, तिच्या फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला असायचा, आणि तिची बोअर खाली खाली जाईल तशी पुंडलिकनगरातली एकेक बोअर हवा ओकायला लागायची. टँकर गल्लीत शिरला की भल्या भल्या घरातल्या बायका पदर खोचून पाइप धरायला धावायच्या. सगळं शहर कावलेलं होतं. श्रीधररावांना मात्र, खोटं कशाला बोला, त्या दुष्काळानं जरा तरतरी आली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणालातरी त्यांच्या ज्ञानाची गरज पडली होती. ती कुणाला पडली होती हे त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी लाल ऑइलपेंटची डबी आणली आणि घरातल्या प्रत्येक भांड्यावर आतून रेघ मारली. देवाच्या कलशावर रेघ, आंघोळीच्या बादलीवर रेघ, पिंपावर रेघ, मोरीतल्या तांब्यावर रेघ. ज्याच्या त्याच्या रेघेपर्यंत पाणी. रेघेच्या वर एक थेंब नाही आणि रेघेच्या खालीही नाही, कारण खाली राहिलं तर तो अन्याय. नोकरीत त्यांचा एकच बाणा होता, माप पुरं झालं पाहिजे. चहासुद्धा ते कपाच्या कडेला टेकेपर्यंत ओतायचे आणि मग पाहुण्यांनी तो उचलायचा कसा, याची पंचाईत व्हायची.

आता कालवा म्हटला की त्याला मुख असतं आणि शेपूट असतं. मुखाशी पाणी धो धो, आणि शेवटच्या टोकाला पोचता पोचता पाझर. त्या शेवटच्या टोकाला खात्यात टेल म्हणतात. टेलच्या गावांच्या शिव्या खाण्यात श्रीधररावांची उमेद गेली होती. घराच्या कालव्यात मुख कोण हे ठरवायला वेळ लागला नाही, ते स्वयंपाकघर. टेलवर मात्र कुणालातरी बसावं लागणार होतं. बायकोला बसवावं तर रात्रीचं जेवण धोक्यात. तेव्हा ते स्वतःच टेलवर बसले. सकाळी एक तांब्या, दुपारी अर्धा, संध्याकाळी उरला तर.

"अहो, माणसानं तहान लागली की पाणी प्यावं," अनसूयाबाई म्हणायच्या.

"तहान ही सवय असते," श्रीधरराव म्हणायचे. "लावली की लागते."

टेलवर ते एकटे नव्हते. सोबतीला अप्पाराव होता.

अप्पाराव हा कुत्रा. मुलगी चारुता कॉलेजात असताना तिनं तो लॅब्राडोरचा गोळा घरी आणला आणि त्याचं काहीतरी बिस्किटासारखं नाव ठेवलं. पुढं तिला पुण्याला नोकरी लागली, ती गेली, आणि कुत्रा आणि बिस्किट दोन्ही मागं राहिलं. श्रीधररावांनी बिस्किट पहिल्या आठवड्यातच मोडीत काढलं. त्या कुत्र्याचे लोंबते गाल, जड पापण्या आणि जेवणानंतरचा तो उसासा बघून त्यांना आपले जुने कार्यकारी अभियंता अप्पाराव साहेब आठवले. साहेबांनी त्यांना सारी हयात उभं ठेवलं होतं. त्या दिवसापासून श्रीधरराव रोज सकाळी अंगणात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणायचे, "अप्पाराव, खाली बस!" आणि अप्पाराव खाली बसायचा. एकदा खरे अप्पाराव साहेब नातवाच्या मुंजीचं आमंत्रण द्यायला घरी आले, तेव्हा अनसूयाबाईंनी कुत्र्याला तोंड दाबून गच्चीवर नेलं होतं.

लोकांसमोर श्रीधरराव कुत्र्याच्या नावानं बोटं मोडायचे. मुलीनं गळ्यात घातलंय म्हणायचे. पण दुपारी पेपर वाचताना अप्पारावाचं डोकं त्यांच्या पायावर नसलं की त्यांना बातमी समजायची नाही. दुष्काळ पडल्यावर तर दोघांचं फारच मेतकूट जमलं. अंगणात अप्पारावाचं जर्मनचं पातेलं होतं, त्यावरही रेघ होती. सकाळी त्यात पाणी ओतताना श्रीधरराव त्याला म्हणायचे, "साहेब, आपण दोघं टेलचे. पुरवून प्यायचं." अप्पाराव शेपूट हलवायचा. पाणी तो पुरवून प्यायचाही, कारण त्याला तशी शिस्तच होती. त्यानं मागं ठेवलेलं पाणी मग कावळे प्यायचे, खारी प्यायच्या, शेजारचं बोकड दोर तोडून येऊन प्यायचं, आणि उरलेलं वैशाखाचं ऊन प्यायचं. तेव्हा श्रीधरराव आत वामकुक्षी घेत असायचे. उठून पातेलं कोरडं दिसलं की ते कौतुकानं म्हणायचे, "सगळं संपवलं साहेबांनी!"

वैशाख सरता सरता अप्पारावानं जेवण टाकलं. आधी पोळी टाकली, मग दूधभात टाकला, मग एकदा पिवळं पाणी ओकला आणि मोरीच्या तोंडाशी ओलसर फरशीला पोट लावून पडून राहिला. श्रीधरराव म्हणाले, "सोंग करायलाय. साहेब पण मार्चअखेरीला असंच आजारी पडायचे." पण त्या दुपारी त्यांनी पेपर उघडलाच नाही, आणि संध्याकाळी स्वतःच रिक्षा बोलावून आणली.

मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर आमरीन यांचा जनावरांचा दवाखाना होता. बाई तरुण, बोलायला फटाकडी. बोलताना मराठीतून कधी हिंदीत जायच्या आणि कधी परत यायच्या ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. त्यांनी अप्पारावाला टेबलावर घेतलं, हिरड्या दाबून पाहिल्या, पोट चाचपलं, सलाईन चढवलं, रक्त काढलं आणि हातात एक छोटी झाकणाची बाटली दिली.

"काका, उद्या सकाळची पहिली लघवी आणायची. इथं रेघ आहे बघा, इथपर्यंत आणली तर बहोत बढिया."

रेघ म्हटल्यावर श्रीधररावांचे डोळे चमकले. बाई कामाच्या आहेत, असं त्यांचं मत झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते एका हातात अप्पारावाचा पट्टा आणि दुसऱ्या हातात आमटीचा डाव घेऊन बाहेर पडले. डाव त्यांनी अनसूयाबाई अंघोळीला गेल्याचं बघून उचलला होता. अप्पाराव आजारी असला तरी मानी होता. मागं कुणी डाव घेऊन वाकलेलं असताना पाय वर करणं त्याला प्रशस्त वाटेना. तो विजेच्या खांबापाशी थांबायचा, हुंगायचा, श्रीधरराव झटकन डाव पुढं करायचे, की तो दुखावल्यासारखा मागं बघायचा आणि पुढच्या खांबाकडं निघायचा. असे गल्लीतले सगळे खांब झाले. दूधवाला कडूबा मोटारसायकल थांबवून बघत राहिला.

"काय ओ काका, डाव घेऊन कुठं निघाले? पंगत हाय का काय?"

"तू तुझं दूध घाल."

"नाय, म्हणलं कुत्र्याला वाढायलाव का कुत्र्याकडून वाढून घ्यायलाव?"

शेवटी अर्धवट बांधलेल्या एका इमारतीच्या वाळूच्या ढिगापाशी अप्पारावाला दया आली. त्यानं पाय उचलला आणि डावात घातलं ते एवढंसं, गडद पिवळं, बाटलीत ओतल्यावर जेमतेम तळ झाकेल इतकं. लगेच पाय खाली ठेवून तो चालू लागला.

श्रीधरराव अंगणात आले आणि बाटली उजेडाकडं धरून बघत बसले. रेघ कुठं आणि माल कुठं! असं तळाला चिकटलेलं माप घेऊन चारचौघांत जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. बाई काय म्हणतील? एवढ्या मोठ्या कुत्र्याची एवढीशी? माप अपुरं असलं की कागद परत येतो, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. पुन्हा खांब फिरायचे तर कडूबा अजून कोपऱ्यावर उभाच होता. मग त्यांनी फार सरळ विचार केला. कुत्रा पितो काय? पाणी. पाणी प्याला असता तर तेच दुसऱ्या वाटेनं बाहेर आलं असतं. ते आधी आत घालून मग बाहेर काढत बसण्यापेक्षा थेट बाहेरच घातलं तर काय बिघडलं? त्यांनी अंगणातल्या पिंपात बोटं बुडवली आणि थेंब थेंब करून बाटली बरोब्बर रेघेला आणली. एक थेंब जास्त झाला, तो झाकणात घेऊन त्यांनी परत पिंपात टाकला. त्या थेंबात काय होतं हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, आणि आपणही तो न केलेला बरा.

डाव त्यांनी राख लावून घासला आणि जागच्या जागी ठेवला. दुपारची आमटी नेहमीसारखीच झाली होती.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरबाईंनी बाटली पाहून "वा काका, एकदम मापात!" असं म्हटलं आणि श्रीधररावांचं पोट भरलं. बाईंनी त्यातला एक थेंब दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीच्या काचेवर टाकला, नळी खिडकीकडं धरून आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. रक्ताचा रिपोर्ट आलेला होता. तो त्यांनी एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि काकांना खुर्चीत बसवलं.

"काका, रक्तात घाण साठलीय. युरिया, क्रिएटिनिन, दोन्ही चढलेत. पण हे आकडे चढायला कारणं वेगवेगळी असतात. कधी मूत्रपिंडापर्यंत पाणीच पोचत नाही. कधी मूत्रपिंडच खराब. कधी पुढं रस्ता तुंबलेला."

"कालव्याचं असंच," श्रीधरराव म्हणाले. "वरून कमी सुटलं, मधे फुटलं, नाहीतर खाली तुंबलं."

"करेक्ट! मग कसं ओळखायचं? लघवी बघायची. मूत्रपिंड चांगलं असेल आणि पाणी कमी असेल, तर ते लई कंजूष होतं. थेंब थेंब वाचवतं, लघवी एकदम दाट सोडतं. अप्पारावच्या अंगात पाणी कमी आहे, हे मी कालच पाहिलं. म्हणजे लघवी दाट पाहिजे होती. आणि ही बघा," त्यांनी बाटली हलवली, "निव्वळ पाणी! अंगात दुष्काळ आणि हे पाणी सोडून मोकळं. राखणदारच काम करीत नाय, काका. मूत्रपिंडं गेल्यासारखी दिसतात."

"गेली म्हणजे?"

"गेली ती परत येत नाहीत. सांभाळायचं, जितके दिवस मिळतील तितके."

आपण बाटलीत पाणी घातलं हे श्रीधररावांना आठवत होतं. पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाई बाटलीबद्दल बोलत होत्या आणि ते अप्पारावाकडं बघत होते. तो टेबलावर पडून त्यांच्या शर्टाची बाही हुंगत होता.

"एकच गोष्ट जमत नाय," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "रक्त एवढं दाट कसं? जुन्या मूत्रपिंडाच्या पेशंटचं रक्त पातळ पडतं. दोन कागद दोन कुत्र्यांचे वाटायलेत." त्यांनी उरलेली बाटली पुढच्या तपासणीसाठी मोठ्या लॅबला पाठवायला बाजूला ठेवली. "तोवर पाणी भरपूर, जेव्हा मागेल तेव्हा. आणि रोज सलाईनला आणायचं."

त्याच संध्याकाळी चारुताचा फोन आला. अनसूयाबाई रडल्या, चारुता रडली, आणि मग चारुतानं ठरवून टाकलं, "मी रविवारी गाडी घेऊन येते. त्याला पुण्याला नेते. इथं मोठे डॉक्टर आहेत, चोवीस तास पाणी आहे. तिथं त्याला कुठून पुरणार पाणी?"

"ने की," श्रीधरराव म्हणाले. "तेवढंच एक तोंड कमी."

फोन ठेवून ते बाहेर गेले आणि बराच वेळ अंगणातल्या पातेल्यापाशी उकिडवे बसले. अनसूयाबाईंनी खिडकीतून पाहिलं, पण हाक मारली नाही. त्या रात्री श्रीधररावांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं तीनतीनदा डोळे पुसले. माणूस गेल्यासारखं घर गप्प झालं होतं आणि कुत्रा तर अजून आतच होता.

मग पातेल्यावरची रेघ बुडाली. श्रीधररावांनी पिण्याच्या पाण्याचा जार आणला, थेट टेबलावरचा थंड जार, जो पाहुण्यांनाही मिळत नसे. अप्पारावाला पातेलं भरून, रिकामं झालं की पुन्हा भरून, आणि तेही आत, स्वयंपाकघरात, मुखाशी. वाढीव पाणी टँकरवाल्यानं काही दिलं नाही. ते कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. श्रीधररावांनी आपला अर्धा तांब्या तेवढा वळता केला होता.

बातमी गल्लीत फुटली आणि अप्पारावाच्या समाचाराला रांग लागली. वच्छलाबाई जवाचं पाणी घेऊन आल्या. पलीकडच्या मजीदभाईंनी कुठलासा पाला आणून दिला आणि वर दुवाही मागतो म्हणाले. आवडाबाईंनी नवस बोलला, तोही परस्पर, पिंपळवाडीकरांच्या नावावर. कडूबानं पाणी न घालता दूध आणून दिलं, त्यावरून एरवीच्या दुधाचा प्रश्न निघाला आणि तो पुढं फार ताणला गेला.

आणि अप्पाराव उठला की! आधी दूधभात चाटला, मग पोळी खाल्ली, मग मोरीची फरशी सोडून अंगणात गेला आणि खारीवर भुंकला. वच्छलाबाई म्हणाल्या जव. मजीदभाई म्हणाले दुवा. आवडाबाईंनी नवसाच्या नारळाची आठवण करून दिली. श्रीधरराव कुणाशीच वाद घालत नव्हते. विझताना दिवा मोठा होतो तसं हे असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. रविवार जवळ येत होता. ते अप्पारावाला आता "खाली बस" म्हणत नव्हते.

रविवारी चारुता आली. तिनं गाडीच्या मागच्या सीटवर चादर अंथरली, अप्पारावाचं पातेलं धुऊन पिशवीत भरलं. इतक्यात डॉक्टर आमरीनचा फोन आला. लॅबचा रिपोर्ट आला होता.

"काका, कुत्र्याला घेऊन या. आणि ती बाटली घरात ज्यांनी भरली त्यांना पण आणा."

"मीच भरली."

"मग तुम्ही तर याच," बाई म्हणाल्या, आणि फोनवर त्या हसत होत्या की रागावल्या होत्या ते श्रीधररावांना उमगेना.

सगळे गेले. रविवार म्हणून दवाखाना रिकामा होता. बाईंनी कागद पुढं ठेवला.

"लॅबवाले लिहितात, लघवीत प्रथिनं नाहीत, मूत्रपिंड खराब झाल्याची कुठलीच खूण नाही. आणि खाली लिहितात," त्या थांबल्या, "नमुन्यात डासाची एक अळी आढळली."

अप्पाराव शेपूट हलवत होता.

"काका, कुत्र्याच्या पोटात डासाची अळी कुठून आली?"

श्रीधरराव खोटं बोलण्यात मुरलेले नव्हते, पण सरकारी नोकरीत होते. "डॉक्टर, दुष्काळाचे दिवस," ते गंभीरपणे म्हणाले. "डासांना पाणी दिसेल तिथं ते अंडी घालायलेत."

"आत शिरून?"

"परिस्थितीच तशी आहे."

चारुतानं तोंडावर रुमाल धरला. अनसूयाबाईंनी मात्र नवऱ्याकडं असं पाहिलं की श्रीधररावांची मान आपोआप खाली गेली.

"थोडी कमी पडली होती," ते म्हणाले. "तळ झाकला होता फक्त. तुम्ही म्हणालात रेघेपर्यंत पाहिजे. मग पिंपातलं जरासं घातलं."

"मी लघवीनं भरा म्हणलं होतं काका! या अल्ला! मी आठवडाभर अप्पारावची किडनी म्हणून तुमच्या पिंपाची किडनी तपासायलेय!"

"बाबा!" चारुता किंचाळली. "तुम्ही त्याला मारलाच होता की कागदावर!"

"आणि ती आणली कशात?" अनसूयाबाईंनी मधेच विचारलं. त्याचं उत्तर श्रीधररावांनी दिलं नाही आणि ते आजपर्यंत दिलेलं नाही.

हा गोंधळ चालू असताना अप्पारावानं शांतपणे चारुताच्या गाडीच्या किल्ल्या ठेवलेल्या स्टुलापाशी जाऊन पाय वर केला. या वेळी त्यानं हात आखडता घेतला नाही. "थांब थांब, रुक!" म्हणत डॉक्टरबाई सिरिंज घेऊन धावल्या, स्टुलाच्या स्टीलवरून थोडी ओढून घेतली, थेंब नळीच्या काचेवर टाकला आणि खिडकीकडं धरला. मग ती नळी त्यांनी श्रीधररावांच्या हातात दिली.

श्रीधररावांनी एक डोळा मिटून आत पाहिलं. आत एक गोल होता, त्यात बारीक खुणा होत्या, कालव्याच्या काठावर गाडलेल्या मोजपट्टीला असतात तशा. वर निळं, खाली पांढरं, आणि दोहोंच्या मधली रेघ.

"त्या दिवशी अगदी बुडाला होती. आज?"

"लई वर आहे," श्रीधरराव म्हणाले. "म्हणजे राखणदार काम करायलाय?"

"टकाटक करायलाय. पहिल्यापासून करत होता. मूत्रपिंडाला काय झालेलं नाय काका. वरून पाणीच सुटत नव्हतं." बाईंनी अप्पारावाच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती चटकन जागेवर बसली. "पहिल्या दिवशी ही अशी उचलली तर तंबूसारखी उभी राहिली होती. आजारी नव्हता तो. तहानलेला होता."

श्रीधरराव खुर्चीवर बसले. आयुष्यभर टेलच्या लोकांनी त्यांच्या तोंडावर हेच म्हटलं होतं आणि ते दर वेळी मोजमाप दाखवून परत आले होते. अप्पारावानं कधी काही म्हटलं नव्हतं, तो फक्त शेपूट हलवायचा. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो काढून आपल्या मांडीवर घेतला.

"मी त्याला उपाशी... मी त्याला तहानेनं... आम्ही दोघं बरोबरच होतो की टेलवर," ते म्हणाले. "मला काय झालं नाय."

अनसूयाबाई उठल्या. नवऱ्याचा मांडीवरचा हात त्यांनी उचलला आणि डॉक्टरबाईंनी केलं होतं तसंच मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून सोडली.

ती खाली बसली नाही. उभीच राहिली.

चारुताचं हसू गेलं. डॉक्टर आमरीन पुढं आल्या, त्यांनी काकांचे कोरडे, भेगाळलेले ओठ पाहिले, जीभ दाखवायला सांगितली. "मी माणसांची डॉक्टर नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या वयात कातडी थोडी उभी राहतेच. पण काका, ही जीभ माझ्या टेबलावर आली असती तर मी आधी सलाईन लावलं असतं. उद्या तुमचं रक्त तपासून घ्या. आणि लघवी तुम्ही नाही, काकू नेतील."

"मी याला न्यायला आले होते," चारुता म्हणाली. आईच्या हातातला बापाचा हात तिनं आता स्वतःच्या हातात घेतला होता. "अप्पारावला राहू दे. बाबांनाच टाकते मागच्या सीटवर."

"मी कुठं जात नाय," श्रीधरराव म्हणाले.

डॉक्टरबाई आतून पाण्याचा ग्लास घेऊन आल्या, काठोकाठ भरलेला. त्या उन्हाळ्यात शहरात कुठंही गेलं तरी अर्धा ग्लासच पुढं यायचा, हॉटेलातसुद्धा, आणि पूर्ण मागायला लोक लाजायचे. श्रीधररावांचा हात आपोआप वर झाला. "अर्धाच..." ते म्हणू लागले.

तिघी उभ्या राहून बघत होत्या. अप्पाराव सुद्धा बघत होता.

त्यांनी ग्लास घेतला. पहिला घोट सावकाश, दुसरा जरा मोठा, आणि मग त्यांना थांबता येईना. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं तरी त्यांनी ग्लास खाली घेतला नाही. रिकामा झाल्यावर ते तसेच त्याच्या बुडाकडं बघत राहिले. मग त्यांनी तो अनसूयाबाईंच्या पुढं धरला.

"अजून आहे का गं?" त्यांनी विचारलं.